विमलताईंचा डावा खुबा

विमल भिंगारदिवे यांचा खुबा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सगळ्यात आधी वय विचारलं. मग वजन. मग बाळंतपणं किती झाली, त्यातली सिझर किती. बाई, तू दिवसभर करतेस काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी नगरजवळच्या केडगावात त्यांच्या शेजारी राहते. काही माझ्या डोळ्यांसमोर घडलं, कारखान्यातलं ताईंनी सांगितलं, आणि आज सांगायला बसले तरी माझं डोकं तापतं.

विमलताईंचं माहेर कोपरगावकडचं. लग्न होऊन त्या केडगावात आल्या. नवरा मच्छिंद्र रंगकाम करतो, मुलगी निकिता कॉलेजात आहे. निकिता शाळेत जायला लागली तेव्हाच ताईंनी एमआयडीसीतलं काम धरलं. इलेक्ट्रिकच्या बोर्डांसाठी पत्र्याच्या पेट्या बनवणारा तो कारखाना. तिथे त्यांना स्पॉट वेल्डिंगच्या मशीनवर उभं केलं. पत्र्याचे दोन तुकडे हातात धरायचे, मशीनच्या दोन टोकांमध्ये सरकवायचे आणि उजव्या पायानं खालचं पॅडल दाबायचं. ठिणगी उडते, पत्रा चिकटतो, पाय वर घ्यायचा, पुढचा तुकडा. सकाळी पाळी सुरू झाली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच, आणि सुट्टी संपली की पुन्हा हेच.

ताईंचा हात इतका सफाईदार की नवीन पोरींना शिकवायला त्यांच्याच शेजारी उभं करायचे. आमच्या गल्लीत त्यांच्याइतकी ताठ चालणारी बाई नव्हती. डोक्यावर पाण्याचा हंडा असो नाहीतर हातात बाजाराच्या दोन पिशव्या, मान सरळ.

तीच बाई एका दिवाळीच्या सुमारास कंपनीच्या टेम्पोतून उतरताना दाराची दांडी धरून उतरायला लागली. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई वो, पाय अवघडलाय." पुढे पुढे डाव्या खुब्यातून निघालेली कळ मांडीच्या बाहेरच्या अंगानं उतरून पोटरीतून घोट्यापर्यंत जायला लागली. रात्री डाव्या कुशीवर वळता येईना. खाली बसलं की उठताना भिंत धरावी लागे.

पहिल्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, "सायटिका. नस दबली आहे." गोळ्या आणि कमरेचा पट्टा. तो पट्टा बांधून ताई वेल्डिंगच्या त्या उकाड्यात उभ्या राहायच्या, संध्याकाळी सोडला की कमरेभोवती घामोळ्यांचा पट्टा. दुसऱ्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून मणक्याचे फोटो काढायला लावले. ते उजेडाला धरून म्हणाले, "गादी थोडी सरकलीय. या वयात असतंच." तिसऱ्यांनी तेच फोटो पाहिले आणि विचारलं, "झोप लागते का? घरात काही टेन्शन? मिस्टर पितात का?" मच्छिंद्र सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. तो तिथेच शेजारी बसला होता, शरमेनं लाल झाला. त्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या दिवशी घरी येऊन ताईंनी गोळ्यांचं पाकीट ओट्यावर आपटलं ते आमच्या घरापर्यंत ऐकू आलं.

"दुखतंय खुब्यात आन गोळी दिली डोक्याची!" त्या ओरडत होत्या. "तिघांपैकी एकानं तरी हात लावला का? म्हनला का, दाखव बाई कुठं दुखतंय?"

"रिपोर्ट तर चांगला हाय की," मच्छिंद्र समजुतीनं म्हणाला.

"मंग रिपोर्टलाच पाठवा कामावर!"

निकितानं आईसाठी स्नेहल शोधून काढली. स्नेहल केडगावातच, पुणे रस्त्याच्या कडेला एका मेडिकलच्या मागच्या खोलीत फिजिओथेरपी करते. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, शिकून नगरलाच परत आलेली. ताई जायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, आता अजून एक जण माझं वय विचारील. निकितानं जवळजवळ ओढत नेलं आणि सोबतीला मला घेतलं, म्हणून पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलं.

स्नेहलनं फोटोंचा लखोटा घेतला आणि न उघडता बाजूला ठेवला. "नंतर बघते. आधी सांगा, काम काय करता?"

ताईंनी सांगितलं.

"करून दाखवा. मशीन समोर आहे असं समजा."

ताई जरा संकोचल्या. मग उभ्या राहिल्या, हात पुढे धरले, उजवा पाय वीतभर उचलून हवेतलं पॅडल दाबलं, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. स्नेहल त्यांच्या मागे उभी राहून बघत होती. मग ती स्वतः शेजारी उभी राहिली आणि तसंच करून पाहिलं.

"दुखतो कुठला खुबा?"

"डावा."

"आणि पॅडल मारता उजव्या पायानं. म्हणून कुणाला संशय आला नाही. ताई, उजवा पाय उचललात की अख्खं अंग डाव्या खुब्यावर येतं. तुम्ही पाळीभर एका पायावर उभ्या असता."

ताईंनी हात खाली घेतले. नंतर मला म्हणाल्या, तेव्हा असं वाटलं की कुणीतरी माझं नाव पहिल्यांदा नीट उच्चारलं.

स्नेहलनं त्यांना टेबलावर उजव्या कुशीवर निजवलं, दोन गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि अंगठ्यानं डाव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला चाचपत चाचपत दाब दिला. एका जागी अंगठा टेकला आणि ताई किंचाळल्या, "आगं आई गं! हीच कळ! हीच! घोट्यापातूर गेली बघ!"

"ही नस नाही," स्नेहल म्हणाली, "स्नायू आहे. इथं आवळून त्याची गाठ झालीय. दुखणं पायात दिसतं, पण मूळ इथं आहे."

मग तिनं सुईचं सांगितलं. केसाएवढी बारीक सुई, त्या गाठीतच घालायची. ताईंनी विचारलं, "आन औषध?"

"औषध नाही. कोरडीच सुई. म्हणूनच याला ड्राय नीडलिंग म्हणतात. गाठीला लागली की स्नायू एकदा फडफडतो आणि मग ढिला पडतो. सगळ्यांना सारखा गुण येतो असं नाही, दिवसभर ठणकेलही. तुमची तयारी असेल तरच करू."

"अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात ते हेच का?" मी मध्येच विचारलं.

"सुई तशीच, शास्त्र वेगळं. ते त्यांच्या ठरलेल्या बिंदूंवर घालतात, मी दुखऱ्या स्नायूत घालते."

ताई म्हणाल्या, "घाल बाई. तू निदान हात तरी लावलास."

स्नेहलनं हातमोजे चढवले, कातडी पुसली, नवं पाकीट ताईंसमोर फाडलं. सुई आत गेली तेव्हा ताईंना काही कळलंही नाही. मग तिनं ती जराशी हलवली आणि मला लांबून दिसलं, खुब्याचं मांस आतल्या आत असं उसळलं, जसा जाळ्यात मासा उसळावा. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली, डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा एकदा, थोडं खाली. मग संपलं.

दुसऱ्या दिवशी लाथ बसल्यासारखं दुखत होतं. पण त्यानंतरच्या रात्री विमलताई डाव्या कुशीवर वळल्या आणि सकाळपर्यंत तशाच झोपल्या. मच्छिंद्रनं त्यांना कामाला जायला उठवलं नाही, टेम्पो निघून गेला, तेव्हा मात्र ताईंनी त्याला फैलावर घेतलं.

त्या आणखी काही वेळा गेल्या, व्यायाम केले. पण आठवडाभर कामावर उभं राहिलं की शनिवारी कळ पुन्हा घोट्यात हजर. स्नेहलनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सुईनं गाठ सुटेल. पण तुम्ही परत त्याच पायावर उभ्या राहिलात तर ती परत बसेल. पॅडल खाली घ्यायला सांगा, नाहीतर टेकायला उंच स्टूल मागा. मध्ये मध्ये दुसरं काम द्या म्हणावं."

ताईंनी सांगितलं की. सुपरवायझर अमृत सरांना सांगितलं, सुयांनी फरक पडला तेही सांगितलं. अमृत सर पोरगेलेसे, वाईट माणूस नाही, पण ऐकताना मोबाईलवरून नजर न काढणारा.

"ताई, मशीन स्टँडर्ड आहे. एकट्या तुमच्यासाठी बदलायचं का?"

"एकटीसाठी न्हाई सर. समद्याच उभ्या असत्यात."

"बाकी कुणाची तक्रार नाही. तुम्ही जरा वजन कमी करा. आणि घरीही काम करता ना? धुणं, भांडी... त्यानंही होतं."

आता यावर काय बोलायचं? भांडी ताई लग्नाच्या दिवसापासून घासतात. भांडी घासून बाईचा एकटा डावा खुबा झिजतो हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? पण सुपरवायझरनं सांगितलं म्हणजे संपलं.

संपलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले असताना ताईंनी सरळ विचारलं, "बायांनो, खरं सांगा. कुणाचा डावा खुबा दुखतो?"

आधी सगळ्या हसल्या. मग साळूबाईंनी हळूच हात वर केला. त्यांना वाटत होतं, सिझरच्या वेळी मणक्यात दिलेल्या इंजेक्शनामुळे दुखतंय. ते इंजेक्शन त्यांची आज निकिताएवढी असलेली पोरगी झाली तेव्हा दिलेलं. दुसरीला वाटत होतं, पाळी जायची वेळ आली म्हणून. तिसरीच्या सासूनं तिला सांगितलं होतं की ही कामचुकारपणाची दुखणी. आणि सायली, नुकतीच लागलेली, लग्नही न झालेली पोर, ती म्हणाली, "मला वाटलं मीच नाजूक आहे." बोलता बोलता तिचा हात आपोआप डाव्या खुब्यावर गेला. वेल्डिंगवरच्या जवळजवळ सगळ्याच बायांचा हात तिथेच होता.

एका ओळीत उभ्या राहणाऱ्या बाया, आणि प्रत्येकीनं आपल्या दुखण्याला आपल्याच अंगातला काहीतरी दोष लावून ठेवलेला! हे मला ताईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

त्या सगळ्या मिळून अमृत सरांकडे गेल्या. सर म्हणाले, वर कळवतो. मग होळी जवळ आली, तरी वरून काही खाली आलं नाही. ताई अधूनमधून विचारत राहिल्या आणि सर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणत राहिले.

मग महिला दिन आला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये फुगे लागले, फलक लागला, त्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली 'निरोगी स्त्री, आनंदी परिवार'. टेबलं बाजूला सारून ओळीनं पलंग मांडले होते, त्यांवर पांढऱ्या चादरी. ऑफिसच्या मॅडम प्रत्येकीच्या हातात गुलाबाचं फूल देत होत्या. वेल्डिंगच्या महिलांसाठी मोफत अ‍ॅक्युपंक्चर शिबिर! नगरमधले एक वयस्कर डॉक्टर आपल्या सुयांच्या पेटीसह आले होते. कारखान्याचे मोठे साहेब स्वतः आले होते. फोटोवाला आला होता.

अमृत सर अगदी खुशीत ताईंजवळ आले. "बघा ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, सुयांनी फरक पडतो? व्यवस्थापनानं मनावर घेतलं. चला, पहिला नंबर तुमचा."

ताई पलंगापर्यंत गेल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला. ताई पलंगावर बसल्या, पण आडव्या झाल्या नाहीत.

"डॉक्टरसायेब, तुमच्या सुईनं माझं दुखनं थांबंल?"

"आराम पडेल," डॉक्टर म्हणाले. "एका वेळेत पूर्ण नाही, पण पडेल."

"आन आराम पडल्यावर मी कुठं जायचं?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

"सुट्टी संपली की त्याच मशीनवर जायचं ना? त्याच पॅडलवर?" ताई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढला होता. "सायेब, सुईवर माझा राग न्हाई. सुईनं मला झोप दिली, मी तिला नावं ठेवनार न्हाई. पण दुखनं आमच्या अंगात पैदा झालेलं न्हाई, ते त्या मशीनखाली हाय. सुया आमाला टोचताय आन मशीनला कुनी बोट लावंना! उद्या परत दुखलं की परत सुई, परवा परत सुई. म्हंजी आमी तसंच उभं राहायचं, फक्त वरडायचं न्हाई, आसंच ना?"

मॅडम म्हणाल्या, "विमलताई, आज चांगला दिवस आहे, असं नको..."

"चांगला दिवस हाय म्हनूनच सांगते. आमी कुनी निजनार न्हाई. आदी पॅडल बघा."

आणि खरोखर कुणी निजली नाही. साळूबाई निजल्या नाहीत, सायली निजली नाही. हातात गुलाबाची फुलं घेऊन सगळ्या उभ्या, आणि समोर रिकाम्या पांढऱ्या चादरी. फोटोवाल्याला कशाचा फोटो काढावा कळेना.

मग ते डॉक्टर म्हणाले, "मशीन कुठे आहे? मला दाखवाल?"

सगळी वरात शेडमध्ये गेली. डॉक्टरांनी बूट काढले, ताईंच्या जागी उभे राहिले, बंद मशीनचं पॅडल दाबायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या खुब्यावर हात ठेवला आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "हे पॅडल फार उंच आहे. इथं कुणीही उभं राहिलं तर त्याचा खुबा जाईल. आधी हे खाली घ्या आणि टेकायला काहीतरी द्या. नाहीतर मला बोलवण्यात अर्थ नाही."

साहेबांनी लगेच मान हलवली. "बरोबर आहे डॉक्टर, बरोबर आहे. अमृत, हे आधी का नाही सांगितलं कुणी?"

का नाही सांगितलं कुणी! विमलताई तिथेच, हातभर अंतरावर उभ्या होत्या. गेले कित्येक महिने तेच, त्याच शब्दांत सांगत होत्या. डॉक्टर भले माणूस, त्यांनी "या बाई बरोबर सांगत होत्या" असंही म्हटलं, पण तोवर साहेब वळले होते. बाईनं सांगितलं की ती तक्रार, पाहुण्यानं सांगितलं की तो सल्ला.

मेंटेनन्सचे रंभाजीमामा दुसऱ्या दिवशी पाना घेऊन आले. पॅडलच्या दांडीचा नट ढिला केला, दांडी खाली सरकवली, पुन्हा आवळली. उभं राहायला लाकडी फळी टाकली. गोदामात धूळ खात पडलेली उंच स्टुलं पुसून आणली. दुपारचा चहा यायच्या आत मशीनांची अख्खी ओळ झाली.

ताई बघत उभ्या होत्या. "मामा, दांडीला नवीन भोक पाडलं का?"

"न्हाई बा. ही भोकं कंपनीतूनच पाडून आल्याली हायेत. उंच-ठेंगण्या मानसासाठी, वर-खाली करायला. कुनी सांगितलंच न्हाई, म्या बी कशाला करू?"

सायली आनंदानं स्टुलावर बसून पाहत होती. बाकीच्या बाया हसत होत्या, एकमेकींना टाळ्या देत होत्या. विमलताई शेडच्या बाहेर गेल्या आणि पाण्याच्या टाकीपाशी एकट्या उभ्या राहिल्या. साळूबाई मागे गेल्या तर ताईंचं तोंड रागानं काळंनिळं झालेलं.

"साळू, भोकं आदीपासून हुती गं. नुसता नट फिरवायचा हुता."

नंतर अर्ध्या पाळीनंतर काम बदलायचं ठरलं. वेल्डिंगवरच्या पॅकिंगला आणि पॅकिंगवरच्या वेल्डिंगला. सायलीचं दुखणं महिन्याभरात गेलं. साळूबाईंचं निम्म्यावर आलं. त्या अ‍ॅक्युपंक्चरच्या डॉक्टरांचं शिबिर नंतर एकदा झालं, तेव्हा बाया गेल्या, निजल्या, कित्येकींना बरंही वाटलं. विमलताईंचा खुबा मात्र फार दिवस तसाच राबवलेला. अजूनही थंडीत तो बोलतो, मग त्या स्नेहलकडे जाऊन एक-दोन सुया घेऊन येतात. पण टेम्पोतून उतरताना दांडी धरत नाहीत आता.

कंपनीनं त्यांच्या वार्षिक अंकात त्या ओळीचा फोटो छापला. वर लिहिलं होतं, 'महिला कामगारांच्या आरोग्यासाठी व्यवस्थापनाचं पुढचं पाऊल.' त्या अंकाच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात ताईंनी बायांच्या वतीनं दोन शब्द आभाराचे बोलावेत असं मॅडमनी सुचवलं. ताई म्हणाल्या, "मला बोलायला येत न्हाई." हे ऐकून मला हसूच आलं. मग सायलीला पुढे केलं, ती पाठ केलेलं काहीतरी बोलली.

मध्यंतरी अंगणात मटार सोलत बसलो होतो तेव्हा निकिता म्हणाली, "आई, आता झालं ना सगळं नीट? तरी तो विषय निघाला की तू अजून चिडतेस."

ताईंनी शेंगा खाली ठेवल्या. "बरी झाले म्हनून राग सोडायचा? माझ्या आदी त्या मशीनवर भागूबाई हुती. लंगडत गेली घरी, काम सोडून. समदे म्हनले, म्हातारी झाली. तिला कुनी सांगितलं का जाऊन, बाई, नट फिरवायचा राहिला हुता म्हनून?"

पुढच्या रविवारी विमलताई बसनं भागूबाईच्या गावाला गेल्या. सोबत स्नेहलचा पत्ता लिहून घेतला होता. भागूबाई ओट्यावर बसल्या होत्या, काठी शेजारी. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. भागूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या सुनेला वाटतं मी सोंग करते. तू तिला बोलव हितं. आन तिच्यासमोर परत सांग."

ताईंनी सुनेला हाक मारली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.